दारातला भेक, सड्यावरचा भेक

पावसाची पहिली सर येऊन जाते, संध्याकाळी दारातला दिवा लागतो आणि उंबऱ्याशी एक पाहुणा हजर होतो. खडबडीत अंगाचा, बसकट, डोळे वटारून बसलेला. आपण त्याला सरसकट बेडूक म्हणतो. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे, आणि त्याला कारण झालाय एक फोन.

मागच्या आठवड्यात आमच्या केंद्रावर एका ताईंनी फोन केला. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. त्यांची मुलगी तिसरीत आहे. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर तीन-चार चामखिळी आल्या आहेत. मागच्या पावसाळ्यात या पोरीला हौदाजवळचे बेडूक उचलून बघायचा नाद होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. झालं! ‘बेडकाला हात लावला म्हणून आल्या’ असं ठरून गेलं. आता वर्गातल्या मुली तिच्याजवळ डबा खायला बसत नाहीत. घरात सासूबाईंनी मिठाची बरणीच दाराशी आणून ठेवली आहे; बेडूक दिसला की टाक मूठभर. ताईंनी विचारलं, ‘खरंच बेडकामुळे होतं का हो हे? आणि नसेल होत, तर घरात सांगू कशी?’

खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्यातली एक म्हणाली, ‘मीपण मीठच टाकते की!’ दुसरीला वाटत होतं की बेडूक अंगावर विष थुंकतो. म्हणून मग आम्ही नीट माहिती गोळा केली. ती करता करता हा दारातला पाहुणा आम्हाला फार दूरवर घेऊन गेला, पार दक्षिण अमेरिकेपर्यंत, आणि परत आपल्या आंबोलीच्या सड्यावर.

आधी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. चामखीळ बेडकामुळे येत नाही. ती एका विषाणूमुळे येते. त्याला डॉक्टर लोक थोडक्यात एचपीव्ही म्हणतात. हा माणसाचा विषाणू आहे आणि तो माणसाकडूनच माणसाला लागतो. कातडीला बारीक चीर असेल, नखं कुरतडायची सवय असेल, एकच टॉवेल चौघांत फिरत असेल, तर तो लवकर शिरतो. बेडकाच्या अंगावर तो नसतोच. बेडकाच्या अंगावरच्या गाठी म्हणजे चामखिळी नव्हेत. त्या त्याच्या कातडीतल्या ग्रंथी आहेत. आपल्या अंगावर घामाच्या ग्रंथी असतात, तशी ती त्याची जन्माची ठेवण. तो रोग नाही, म्हणून लागतही नाही.

मुलांच्या हातावरच्या चामखिळी बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. ब्लेडने कापू नका, घोड्याचा केस बांधू नका, चुना-सोडा लावू नका. त्याने जखम होते, आणि त्या चामखिळी आणखी पसरू शकतात. मुलीचा टॉवेल वेगळा ठेवा आणि वाढतायत असं वाटलं तर डॉक्टरांना दाखवा. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण एचपीव्ही हे नाव ऐकून काहीजणी घाबरतील. या विषाणूच्या बऱ्याच जाती आहेत. त्यांतल्या काही गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाला कारण होतात हे खरं. पण पोरांच्या हातावर चामखीळ आणणाऱ्या जाती त्या नव्हेत.

आता वळू या आपल्या आरोपीकडे. शाळेच्या पुस्तकात याला ‘भेक’ म्हटलेलं असतं. आपल्या बोलण्यात बेडूक आणि भेक असा फरक नसतो, आणि त्यात फार चूकही नाही. भेक हे बेडकांच्याच मोठ्या कुळातलं एक घराणं आहे. सगळे भेक बेडूक असतात, पण सगळे बेडूक भेक नसतात. विहिरीतला, भाताच्या खाचरातला बेडूक बघा: अंग ओलं, गुळगुळीत, मागचे पाय लांब, एका उडीत पाण्यात. भेकाचं अंग कोरडं आणि खरखरीत, पाय आखूड. तो लांब उडी मारत नाही. दुडक्या मारत चालतो. त्याच्या तोंडात दात अजिबात नसतात, वरच्या जबड्यातही नाहीत. बेडकाची अंडी पाण्यावर लगद्यासारखी दिसतात, तर भेकाची अंडी बहुधा लांब दोऱ्यासारखी, काळे मणी पारदर्शक नळीत ओवावेत तशी.

शास्त्रज्ञ ‘खरे भेक’ म्हणतात ते या घराण्यातल्या प्राण्यांना. घराण्याचं नाव ब्युफोनिडी. जगात त्याच्या सहाशेहून जास्त जाती आहेत. आपल्या अंगणात येतो त्याचं शास्त्रीय नाव दत्ताफ्रायनस मेलानोस्टिक्टस. यातला ‘दत्ता’ आपल्याच देशातला आहे. ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशीलकुमार दत्त यांच्या सन्मानार्थ ते नाव ठेवलंय. ‘मेलानोस्टिक्टस’ म्हणजे काळ्या ठिपक्यांचा. पुढच्या वेळी दिवा धरून नीट बघा: डोक्यावर डोळ्यांच्या कडेने काळ्या रेघा दिसतील, काजळ घातल्यासारख्या. आणि डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना फुगीर, लांबट उंचवटे दिसतील. ते उंचवटे लक्षात ठेवा. त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

तो आपल्या दाराशी का येतो? आपल्यासाठी नाही, दिव्यासाठी. दिव्यावर किडे येतात, किड्यांसाठी भेक येतो. मुंग्या, वाळवी, भुंगे, झुरळं, गोगलगायी, जे हलेल आणि तोंडात मावेल ते त्याचं जेवण. त्याची जीभ पुढच्या बाजूने जोडलेली असते आणि मागच्या बाजूने सुटी. ती झटक्यात बाहेर पडते, किडा चिकटतो आणि आत जातो. दात नसल्यामुळे चावायचा प्रश्न नाही, सगळं गिळायचं. गिळताना तो डोळे मिटतो ते समाधानाने नव्हे. त्याचे डोळे आतल्या बाजूला ओढले जातात आणि घास घशाकडे ढकलायला मदत करतात.

पाणी मात्र तो तोंडाने पीत नाही. पोटाखालची, मांड्यांच्या जवळची कातडी पातळ असते. ओल्या मातीवर पोट टेकून बसला की तिथून पाणी अंगात शोषलं जातं. आपण माठाखालच्या ओल्या जागेत भेक बसलेला बघतो, तो तिथे पाणी पीत बसलेला असतो. हे पाणी तो मूत्राशयात साठवतो आणि कोरड्या दिवसांत तेच परत अंगात ओढून घेतो. म्हणजे ती त्याची घागर. आपण त्याला उचललं की तो घाबरून ती घागर आपल्या हातावर रिकामी करतो. लोक म्हणतात, ‘बेडूक मुतला, आता हाताला काहीतरी होणार.’ काही होत नाही. ते बहुतेक पाणीच असतं. नुकसान झालं तर त्याचं होतं.

आणि म्हणूनच मिठाबद्दल बोलायला हवं. ज्या कातडीतून पाणी आत जातं, तिच्यावर मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर त्यांना पाणी सुटतं, तेच इथे जिवंत प्राण्याच्या अंगावर होतं. आम्ही हे वाचलं तेव्हा मीठ टाकणारी आमची मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. पाऊस लांबला की आपल्याकडची पोरं बेडकाला कडुनिंबाचा पाला बांधून धोंडी मागायला दारोदार फिरतात आणि आपण बाया त्याच्यावर तांब्याभर पाणी ओततो. ज्याच्यावर ज्येष्ठात पाणी ओतायचं, त्याच्यावर आषाढात मीठ टाकायचं, हे काही बरोबर नाही.

म्हणजे भेक अगदी गरीब गाय आहे का? तसंही नाही. डोळ्यांमागचे ते दोन उंचवटे आठवा. त्या त्याच्या विषाच्या ग्रंथी आहेत. तो विष थुंकत नाही, डसत नाही, अंगावर धावून येत नाही. पण कुणी त्याला तोंडात धरलं, चावलं किंवा जोरात दाबलं की तिथून दुधासारखा पांढरा, चिकट रस येतो. हे विष हृदयावर काम करतं. आपल्याला कण्हेर माहीत आहे, बिट्टी माहीत आहे. गुरांना खाऊ देऊ नये, पोरांनी तोंडात घालू नये, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. भेकाचं विष आणि कण्हेरीचं विष हृदयाच्या पेशींमधला एकच पंप बंद पाडतात. एक झाड आणि एक प्राणी, दोघांनी वेगवेगळ्या वाटेने जवळजवळ तेच हत्यार घडवलं.

म्हणून तीन गोष्टी पदराला गाठ बांधून ठेवा. भेकाला हात लागला तर हात साबणाने धुवायचे. तोवर डोळे चोळायचे नाहीत. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि त्याच्या तोंडातून फेस, लाळ येऊ लागली, तर त्याचं तोंड खाली झुकवून बाहेरच्या बाजूने पाण्याने धुवायचं, पाणी घशात जाऊ द्यायचं नाही, आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना गाठायचं. आणि भेक किंवा त्याची अंडी औषध म्हणून, कुणी काहीही सांगितलं तरी, पोटात घ्यायची नाहीत. ती खाऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. अंड्यांतही विष असतं.

मग साप त्याला कसे खातात? आपल्याकडचे काही साप भेक खुशाल गिळतात. शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दिसलं की भेक खाणाऱ्या सापांमध्ये आणि आशिया-आफ्रिकेतल्या घोरपडींमध्ये त्या हृदयातल्या पंपाची घडण थोडी बदललेली आहे. कुलपाचा खाचा जरासा बदलला की चोराची किल्ली लागत नाही, तसं. लाखो वर्षं भेक आणि त्याला खाणारे शेजारी राहिले, आणि त्यांचा हिशोब असा बसत गेला. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आता त्याच्या संसाराकडे येऊ. पाऊस पडला की नर पाण्याच्या कडेला बसून गळ्याची पिशवी फुगवतो आणि रात्रभर क्रर्र-क्रर्र करत राहतो. त्याचा गळा त्या दिवसांत पिवळसर दिसतो. मादी आकाराने मोठी असते. ती आवाजाच्या दिशेने येते, नर तिच्या पाठीवर घट्ट धरून बसतो आणि ती पाण्यात अंडी घालते, हजारोंनी. गडबडीत नर कधी दुसऱ्या नरालाच धरतो. मग धरलेला नर एक वेगळाच, तुटक आवाज काढतो, ‘सोड, मी तो नव्हे’ म्हटल्यासारखा. आणि तो सोडतोसुद्धा! अंड्यांतून काळी, शेपटीवाली पिल्लं निघतात आणि घोळक्याने फिरतात. त्यांची शेपटी जाऊन पाय आले की नखाएवढे भेक जमिनीवर येतात. त्या हजारांतले मोठे होतात ते मोजकेच. डबकं आधी आटतं, चतुराची पिल्लं खातात, पक्षी टिपतात.

या घराण्यातली एक गंमत आम्हाला फार आवडली. भेकाच्या नराच्या पोटात, वृषणांना लागून, एक छोटा अवयव असतो. तो म्हणजे न वाढलेला बीजांडकोश, बाईच्या अंगात असतो त्या प्रकारचा. त्याला बिडरचा अवयव म्हणतात. प्रयोगात नराची वृषणं काढून टाकली तेव्हा हा अवयव वाढून बीजांडकोशासारखा होऊ लागला, असं दिसलेलं आहे. बाई आणि पुरुष यांच्यात निसर्गाने किती पक्की भिंत घातली आहे असं आपल्याला वाटतं. भेकाच्या पोटात त्या भिंतीला एक खिडकी ठेवलेली आहे.

आता या घराण्याचं माहेर. सगळ्या खऱ्या भेकांचं माहेर दक्षिण अमेरिका. डायनासोरांचा शेवट झाला त्याच्या आसपासच्या काळात तिथे या घराण्याची सुरुवात झाली. सुरुवातीचे भेक पाण्याच्या, ओलसर रानाच्या आसपासच राहणारे होते. मग ते जगभर कसे गेले? २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात बेल्जियमच्या आणि इतर देशांच्या शास्त्रज्ञांनी, ज्यांत आपले एस. डी. बिजू हेही होते, याचं उत्तर मांडलं. त्यांनी भेकांच्या कितीतरी जातींच्या वंशावळी जुळवून बघितल्या. त्यांना दिसलं की लांबच्या प्रवासाला निघण्याआधी या घराण्याने एकेक करून शिदोरी बांधली होती.

त्या शिदोरीत काय काय होतं? पाण्यापासून दूर राहता येईल असं अंग. जांघेजवळ चरबीच्या गाठी, म्हणजे उपाशी दिवसांची बेगमी. डोळ्यांमागे विषाच्या ग्रंथी. मोठं शरीर, जे लवकर वाळत नाही. एका वेळी भरमसाट अंडी. ती अंडी घालायला ठरावीक झरा नको, मिळेल ते डबकं चालेल. आणि पिल्लं अशी की अंड्यातल्या बलकावर विसंबत नाहीत, बाहेर पडली की स्वतः चरून खातात. यातली एकच गोष्ट असून भागलं नसतं. सगळ्या एका अंगात गोळा झाल्या आणि मग हे घराणं काही कोटी वर्षांपूर्वी माहेर सोडून उत्तर अमेरिका, आशिया, युरोप, आफ्रिका असं पसरलं. आपल्या उंबऱ्यावरचा भेक त्याच प्रवाशांच्या वंशातला आहे. माठाखालची ओल, अंगणातलं डबकं, भिंतीची फट एवढ्यावर त्याचं भागतं, ते या जुन्या शिदोरीमुळे.

ही शिदोरी किती जबरदस्त आहे, ते बघायचं असेल तर ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐका. आपल्या ऊसपट्ट्यातल्या बायांना ती लगेच कळेल, कारण ती हुमणीची गोष्ट आहे. उसाच्या मुळ्या खाणारी पांढरी अळी, तिचे पावसाळ्यात बाहेर पडणारे भुंगेरे, हे दुखणं तिथल्या शेतकऱ्यांनाही होतं. ऑस्ट्रेलियात स्वतःचा एकही खरा भेक नव्हता. १९३५ साली हवाई बेटांवरून शंभरेक मोठे भेक क्वीन्सलँडमध्ये आणले गेले, मूळचे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले. त्यांची पिल्लं वाढवून उसाच्या भागात सोडली. भेक भुंगेरे खातील आणि ऊस वाचेल, असा हिशोब होता.

तो चुकला. भुंगेरे उसाच्या शेंड्याला, अळी जमिनीखाली, आणि भेक मध्येच जमिनीवर. हुमणी होती तिथेच राहिली, भेक मात्र वाढत गेले. आणि तिथल्या घोरपडी, साप, क्वोल नावाचा मांजराएवढा शिकारी प्राणी यांनी आयुष्यात कधी भेक पाहिलेला नव्हता. त्यांच्या हृदयाच्या कुलपाचा खाचा बदललेला नव्हता. त्यांनी भेक खाल्ला आणि ते मेले. भेक पुढे सरकत राहिले. सुरुवातीला वर्षाला दहाएक किलोमीटर, नंतर पन्नासहून जास्त. २००६ साली शास्त्रज्ञांनी मोजलं तर पसरणाऱ्या आघाडीवरच्या भेकांचे पाय मागे राहिलेल्यांपेक्षा लांब निघाले. लांब पायांचे पुढे पोचतात, पुढच्यांची लग्नं पुढच्यांशीच होतात, पिल्लं आणखी लांब पायांची. उत्क्रांती म्हणजे फक्त कोट्यवधी वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हे; ती आपल्या आजीच्या आयुष्याएवढ्या काळातही डोळ्यांदेखत घडू शकते.

आणि मादागास्करमध्ये तर गेला तो आपल्याच भेकाचा भाऊबंद. आफ्रिकेच्या पूर्वेच्या या बेटावरही खरा भेक नव्हता. २०१४ साली तिथल्या तोआमासिना बंदराच्या परिसरात आशियाई भेक सापडले, आपल्या अंगणातलीच जात, आग्नेय आशियातून मालवाहतुकीबरोबर पोचलेली. आज तिथल्या माणसांना चिंता आहे की आपले साप आणि इतर प्राणी हा भेक खाऊन मरतील. म्हणजे जो प्राणी आपल्या अंगणात शेजारी म्हणून शोभतो, तोच भलत्या ठिकाणी नेऊन टाकला की उत्पात होतो. दोष त्याचा नाही. तो आपल्या शिदोरीवर जगतो. चूक नेणाऱ्यांची.

मैत्रिणींनो, इथपर्यंत ऐकून वाटेल की भेकाला कशाचीच भीती नाही. पण प्रत्येक घराण्यात लांब गेलेल्या लेकी असतात, तशी घर न सोडणारी माणसंही असतात. या घराण्यातल्या अशा दोघी आपल्या सह्याद्रीत आहेत. एक कोयनेचा भेक. १९६३ साली कोयनेच्या परिसरातून त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली. दुसरा आंबोलीचा भेक. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत लोक वर्षानुवर्षं जात-येत होते, पण शास्त्राला ही जात वेगळी आहे हे कळलं २००९ साली. या दोघांचं पोटघराणं वेगळं मानलं जातं. त्याचं नाव झँथोफ्रायनी, म्हणजे पिवळा भेक. जगात ते फक्त आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीत आहे, दुसरीकडे कुठेही नाही. आंबोलीच्या भेकाच्या कुशीवर वाघासारखे पट्टे असतात, म्हणून त्याला ‘टायग्रिना’ म्हटलं.

अंगणातला भेक मुठीएवढा, तर हा अगदी लहान, अंगठ्याएवढा. तो कुठल्याही डबक्यावर भागवत नाही. त्याला सडा लागतो, जांभ्या खडकाचा उघडा माळ. पहिल्या पावसात खडकाच्या खोलग्यांत दोन-चार बोटं पाणी साठतं, त्यात त्याची पिल्लं वाढतात. तेवढ्या उथळ पाण्यात वाढायचं, ते आटायच्या आत पाय फुटायचे, असं त्याचं गणित आहे. त्या खोलग्यावरून एक गाडी गेली, त्यात बाटली-पिशवी पडली, सड्याचा दगड काढला किंवा तिथे बांधकाम झालं, की त्याला जायला दुसरी जागा नाही. त्याच्याकडे त्याच्या चुलत्यांची शिदोरी नाही. जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तो ‘अतिशय संकटग्रस्त’ या वरच्या पायरीवर आहे.

हे नुसतं घाबरवायला सांगत नाही. टांझानिया देशात किहान्सी नावाचा धबधबा आहे. त्याच्या तुषारांनी भिजलेल्या जेमतेम काही एकरांच्या गवतात एक नखाएवढा पिवळा भेक राहत होता. या जातीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. विजेसाठी धरण झालं, २००० साली धबधब्याचं पाणी वळवलं आणि तुषार थांबले. काही वर्षांत तो भेक रानातून गेला; २००९ साली तसं जाहीर झालं. सुदैवाने त्याआधीच काही भेक अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेले होते. तिथे ते वाढले आणि २०१२ साली त्यांना परत किहान्सीला आणून सोडलं, तेही कृत्रिम तुषारांचे फवारे लावून. वीज लागतेच, ती आपल्यालाही लागते. पण एवढ्याशा जागेत कोण राहतं, हे आधी बघितलं तर नंतर फवारे लावायची वेळ येत नाही.

मग आपण काय करायचं? घरात भेक आला तर मीठ नको, काठी नको, फिनेल नको. सुपली किंवा पुठ्ठा पुढे धरा, केरसुणीने हळूच त्यावर ढकला आणि बाहेर ओलसर कोपऱ्यात सोडा. हाताने धरायची वेळ आली तर प्लास्टिकची पिशवी हातात घाला. तो सारखा येत असेल तर दाराखालची फट बंद करा आणि दारातला दिवा जरा लांब लावा. किडे तिकडे गेले की तोही तिकडे जाईल. पोरांना दुरून बघू द्या, काजळाच्या रेघा मोजू द्या. आणि त्याच्याकडून फार अपेक्षाही करू नका. तो चार किडे खातो, पण तुमची हुमणी संपवणार नाही. ऑस्ट्रेलियाने ते करून बघितलंय. बचत गटाच्या सहलीला आंबोलीला, कोयनेला, कुठल्याही सड्यावर गेलात, तर गाडी रस्त्यावरच ठेवा, खडकातल्या पाण्यात पाय धुऊ नका, कचरा परत आणा. त्या चार बोटं पाण्यात कुणाचं तरी बाळंतपण चाललेलं असतं.

राहता राहिल्या आमच्या ताई. ही सगळी माहिती आम्ही त्यांना फोनवर सांगितली. त्या म्हणाल्या, ‘मी सांगितलं तर सासूबाई ऐकायच्या नाहीत, पण रेडिओवर आलं तर ऐकतील.’ तर सासूबाई, तुम्ही ऐकत असाल असं धरून आम्ही चौघी तुम्हालाच सांगतोय. नातीच्या हातावरच्या चामखिळी बेडकाच्या नव्हेत, त्या आपोआप जातील. दाराशी ठेवलेली मिठाची बरणी तेवढी परत फळीवर ठेवा. आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या आयांनो, तुम्हीही ऐकत असालच. उद्या आपल्या मुलीला एवढंच सांगा: तुझा डबा घे आणि तिच्या शेजारी जाऊन बस.

पुढच्या बुधवारी पुन्हा भेटू. नमस्कार.